वर्षाच्या आत हिमालय

सुंदरीनं हिमालयात जायचं ठरवलं, त्यात पहिला बळी गेला तो रसमच्या भांड्याचा.

भांडं कथलाचं होतं. तंजावुरात ज्यांना जिभेची चाड आहे ते रसम कथलाच्या भांड्यातच करतात, आणि त्या भांड्याचा नियम एकच असतो: आधी आत पाणी, मग खाली जाळ. रिकामं भांडं जाळावर ठेवलं तर ते मेणासारखं बसतं. हिराबाईंना हा नियम त्यांच्या आईनं शिकवला होता, भांडंही तिनंच दिलं होतं, आणि लग्नापासून आजवर तो नियम एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी भांडं गॅसवर ठेवलं, शेगडी पेटवली, चिंचेचं पाणी घ्यायला वळल्या, आणि दारातून सुंदरी म्हणाली, "आई, मी मे महिन्यांत हिमालयांत जातें आहें."

हिराबाई चिंचेच्या पाण्याचा वाडगा हातात धरून उभ्या राहिल्या.

"तेथें कोणाला काय झालें?" त्यांनी विचारलं.

प्रश्न वेडगळ नव्हता. त्या घरातून कुणी प्रवासाला निघालं तर ते एखादं आजारपण नाही तर मरण गाठायलाच निघायचं. लग्नकार्याची आमंत्रणं यायची, तेव्हा सुंदरीचे वडील अप्पा आशीर्वादाची तार करायचे.

"कोणाला कांहीं झालें नाहीं. चढायला जातें आहें. बर्फांतून. दोर धरून एक नदी पण ओलांडायची आहे."

'दोर' म्हणताना आपण उगाच खरं बोललो हे सुंदरीच्या लक्षात आलं, पण तोवर वास सुटला होता. दोघींनी पाहिलं तेव्हा भांड्यानं मान एका बाजूला टाकली होती आणि त्याचा एक लखलखीत ओघळ बर्नरवरून ओट्यावर उतरत होता. हिराबाईंनी शेगडी बंद केली. काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी रसम स्टीलच्या पातेल्यात झालं. दोघी ते चव न घेता जेवल्या.

आणि हिराबाईंचं ते न बोलणं पुढं महिनाभर टिकलं. म्हणजे मीठ, धोबी, नळाचं पाणी यांवर त्या बोलत. हिमालयावर नाही. सुंदरी छत्तीस वर्षांची होती, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होती, प्रत्येक खंडातल्या प्रवाशांची वर्णनं तिनं वाचली होती. परवानगीची तिला गरज नव्हती. तिला फक्त आईच्या तोंडून 'जा' हा एक शब्द हवा होता. तो मिळाल्याशिवाय आपण गाडीत चढणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचा रागही येत होता.

अप्पा, म्हणजे हनुमंतराव, विमा कचेरीत होते. कोण माणूस कशानं आणि साधारण कधी मरेल याचा अंदाज बांधण्यात त्यांचा जन्म गेला, आणि तो अंदाज घरी येताना कचेरीत ठेवून यावा हे त्यांना कधी जमलं नाही. उटीला नेलं नाही, कारण घाटात बस उलटते. कन्याकुमारीला नेलं नाही, कारण तिथं तीन समुद्र आहेत आणि एकेक समुद्र काय करू शकतो हे सगळ्यांना माहीत आहे. रामेश्वराला जायचं तर गाडी पाण्यावरून जाते. म्हणजे गाडीचाही धोका आणि पाण्याचाही, आणि दोन धोके एका तिकिटात घेणारा माणूस विमा कचेरीच्या लेखी वेडा. कावेरीत पाय बुडवायची परवानगी होती, पण ज्या महिन्यांत कावेरीला पाणी नसतं त्या महिन्यांत.

असा माणूस गेल्या भाद्रपदात एका दुपारी, राहुकाल संपायची वाट पाहून, ओसरीतल्या खुर्चीत बसला, कॉफीत साखर कमी आहे म्हणाला, आणि हिराबाई साखर घेऊन येईपर्यंत गेला. प्रवास नाही, पाऊस नाही, घाट नाही. घरची कॉफी आणि घरची खुर्ची. लोक जमले, रडले, राहुकाल टळल्याबद्दल समाधान मानून गेले. सुंदरीला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात एकच वाक्य घुमत राहिलं: पण ते तर बसलेले होते.

सात महिन्यांनी त्या वाक्यातून हिमालय निघाला. दिल्लीच्या एका गिर्यारोहण संस्थेची नवशिक्या स्त्रियांसाठीची मोहीम तिनं वर्तमानपत्रात पाहिली आणि कुणाला न सांगता नाव घातलं.

बातमी पापनाशमला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचे धाकटे भाऊ वेंकटराव दारात उभे राहिले. अंगरख्याची एक बाही फाटलेली, एका पायात चप्पल नाही.

"बस भरली होती," ते धापा टाकत म्हणाले. "अय्यमपेट्टैपर्यंत एका पायावर लोंबकळत आलों. चप्पल तेथें कोठें तरी गेली. तें असूं दे. सुंदरी, तुला कांहीं अक्कल आहे? हिमालयांत माणूस पडतो!"

"काका, तुम्ही बसमधून पडला असतां तर?"

"बसमधून कां पडेन? रोजची बस आहे. कंडक्टर ओळखीचा."

"ओळखीचा असून त्यानें आंत घेतलें नाहीं?"

"विषय बदलूं नको." वेंकटरावांनी उरलेली चप्पल काढून उंबऱ्याशी नीट ठेवली, जणू जोडीदारीण मागून येणार होती. "तेथें बर्फ. तेथें अस्वल. तेथें ताक मिळत नाहीं. ताकाशिवाय तूं एक जेवण पचवलेंस का आजवर?"

अस्वलाला सुंदरीकडं उत्तर होतं, ताकाला नव्हतं.

एरवी काकांना इतकं मनावर घ्यायचं कारण नव्हतं. पण संस्थेच्या अर्जात एक ओळ होती: धोक्याची जाणीव असल्याबद्दल वडील किंवा पती यांची सही. सुंदरीनं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून दिल्लीला फोन लावला. तिची हिंदी परीक्षा देऊन मिळवलेली होती, त्यामुळं ती शुद्ध होती आणि कुणाला कळत नसे.

"महोदय, मेरे पिताजी दिवंगत हैं एवं मैं अविवाहिता हूँ."

पलीकडचा माणूस कागद चाळू लागला. मग म्हणाला, "तो मॅडम, साइन कौन करेगा?"

"मैं स्वयं."

"आप कैसे? खतरा तो आपको है."

हे ऐकून सुंदरीला जो धक्का बसला तो तिनं मागच्या सगळ्या वाचनात कुठं ठेवावा हे तिला कळेना. ज्याला धोका आहे त्याला सोडून बाकी कुणीही सही केली तर चालत होती. शेवटी पलीकडून तोडगा निघाला: घरातला कुणी वडीलधारा पुरुष. म्हणजे एका पायात चप्पल घातलेले वेंकटराव.

आणि वेंकटरावांनी मग आपलं खरं अस्त्र काढलं. "सही करीन. पण शास्त्र काय सांगतें? घरांत मृत्यू झाला कीं वर्षाच्या आंत डोंगर चढायचा नाहीं. लहानमोठे अस्केच पाळतात. पळणी नाहीं, तिरुपती नाहीं. आणि ही निघाली हिमालयांत! याच्याहून मोठा डोंगर देवाला पण ठाऊक नाहीं!"

नियम खरा होता. सबंध गाव पाळत होतं. सुंदरीनं एवढ्या धोक्यांचा विचार केला होता आणि नेमका हाच तिच्या ध्यानात आला नव्हता.

तेव्हा चिदंबर शास्त्र्यांना बोलावणं गेलं. शास्त्रीबुवा राजवाड्यामागच्या गल्लीत राहत, तंजावूरच्या मराठी घरांतली लग्नं नि श्राद्धं तेच करत, आणि कुठलाही निर्णय कॉफी पिऊन झाल्याशिवाय देत नसत. ते ओसरीत बसले. अप्पांच्या खुर्चीत नव्हे. त्या खुर्चीत कुणी बसत नसे आणि ती हलवतही नसे. हिराबाई आतल्या दाराआड होत्या. नवरा गेलेल्या बाईनं वर्ष सरेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही, हाही एक नियम. त्या भाद्रपदापासून घराबाहेर पडलेल्या नव्हत्या.

"प्रश्न कठीण आहे," शास्त्री म्हणाले. "मुलगी विवाहित असती तर गोत्र बदललें असतें. मग अडचण नव्हती."

वेंकटरावांचे डोळे चमकले. "कुंभकोणमला एक स्थळ आहे! विधुर आहे, पण दात अस्के आहेत. मे महिन्याच्या आंत उरकूं, मग दोघें मिळून हिमालयांत जाऊं देत!"

"काका!"

"काय काका? डोंगर हवा तर नवरा करावा लागेल. शास्त्री सांगतात."

"मीं तसें नाहीं सांगितलें," शास्त्री घाईनं म्हणाले. "मूळ बंधन कोणावर? जो क्रिया करतो त्या कर्त्यावर. हनुमंतरावांना मुलगा नाहीं. क्रिया कोणी केली?"

सगळ्यांनी वेंकटरावांकडं पाहिलं.

"मीं केली," वेंकटराव अभिमानानं म्हणाले.

"म्हणजे डोंगर पहिल्यांदा तुम्हांला बंद. मुलीचें मागून पाहूं. तुम्ही पाळतां ना?"

"अर्थात!"

दाराआडून हिराबाईंचा आवाज आला. "पोंगलनंतर स्वामीमलैचा प्रसाद कोणी आणून दिला?"

वेंकटरावांनी बाहीचं भोक तपासलं.

"स्वामीमलै डोंगर नाहीं," ते अखेर म्हणाले. "मलै म्हणजे डोंगर, तो नुसता नांवाला. तेथें सपाट भाताचीं शेतें आहेत. माणसांनीं दगड रचून उंच केलेलें आहे. तो डोंगर कसला? तो माळा आहे."

"देव तर वरतींच बसतो ना?" शास्त्र्यांनी विचारलं.

"देव बसतो. पण माळ्यावर बसतो."

शास्त्र्यांनी बराच विचार केला. वेंकटराव डोंगर चढले असं ठरलं तर वर्षभराची क्रिया बिघडली. नाही चढले असं ठरलं तर डोंगर कशाला म्हणायचं हे पुन्हा ठरवायला हवं. शेवटी त्यांनी कॉफीचा रिकामा पेला खाली ठेवून निकाल दिला: जिथं चढून देवाचं दर्शन घेतात तो डोंगर निषिद्ध. देऊळ नसलेली चढण हा नुसता रस्ता. मुलीनं बर्फात जावं. वाटेत देऊळ दिसलं तर खालूनच नमस्कार करावा, वर चढू नये. आणि माळ्याचा प्रश्न पुन्हा कुणी काढू नये.

वेंकटरावांनी सही केली. दाराआड भांडी घासल्याचा आवाज सुरू झाला.

यापुढचं संकट भूगोलाचं होतं. चढायचा सराव रोज करावा, असं संस्थेनं कळवलं होतं. पण तंजावूरभोवती कोसच्या कोस भात आणि कालवे. सर्वांत उंच काय, तर मोठ्या देवळाचं शिखर, आणि त्यावर चढायला गेलं तर पोलीस येतील. उरला घराच्या गच्चीचा जिना. सुंदरीनं पाठीवरच्या पिशवीत पोन्नी तांदूळ भरला आणि कामावर जायच्या आधी ती जिना चढू-उतरू लागली.

शेजारच्या अलमेलुमामींनी हे आपल्या गच्चीवरून पाहिलं. वाळत घातलेल्या वडामांना, म्हणजे तांदळाच्या पापड्यांना, कावळ्यांपासून राखत त्या सकाळभर तिथंच असत. त्यांनी पहिल्या दिवशी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी अर्ध्या गल्लीला समजलं की हनुमंतरावांची मुलगी दुःखानं भ्रमिष्ट झाली आहे. रोज सकाळी तांदूळ गच्चीवर नेते आणि परत आणते. बायका समाचाराला येऊ लागल्या. एकीनं अंगारा आणला. एकीनं हळू आवाजात विचारलं, "वडील गच्चीवर आहेत असं वाटतं का गं तुला?"

सुंदरीला हा अपमान गिळता आला नाही. तिनं मामींच्या गच्चीवर जाऊन त्यांना हिमालयाचं सांगितलं. मामींना त्याहून मोठा धक्का बसला.

"अय्यय्यो! मग भ्रमिष्टच बरी होतीस गं कण्णा!" त्या ओरडल्या, आणि ओरडताना मागं सरकल्या त्या थेट पाण्याच्या टाकीच्या झाकणावर. झाकण जुनं होतं. मामी कमरेपर्यंत टाकीत गेल्या. आणि कमरेपाशी अडकल्या. कंबर नसती तर पुढचं सांगवत नाही. गल्लीतल्या माणसांनी त्यांना वर ओढेपर्यंत कावळ्यांनी वडामांचा फडशा पाडला.

टाकीतून बाहेर आल्या आल्या, निथळत, मामींनी पहिला सल्ला दिला. "तिथं पाण्यापासून जप हो. आणि माकडटोपी घे. आमच्या ह्यांची आहे."

वैद्यकीय दाखल्यासाठी सुंदरी दवाखान्यात गेली, तर डॉक्टरांचा उजवा हात गळ्यात. तपकिरी गाय, नवी स्कूटर, जुनं बसस्टँड, एवढंच ते सांगू शकले. हिमालयाचं नाव ऐकून ते खुर्चीत ताठ झाले.

"फार धोक्याचं आहे. हाडं मोडतात."

"होय डॉक्टर," सुंदरी त्यांच्या प्लास्टरकडं पाहत म्हणाली.

"हे वेगळं. हे गावात झालं."

सही त्यांनी डाव्या हातानं केली. ती पाहून दिल्लीनं कळवलं की सही डॉक्टरची वाटत नाही, लहान मुलाची वाटते. मग डॉक्टरांनी डाव्या हाताची सही आपलीच आहे असा दुसरा दाखला दिला, तोही डाव्या हातानं. या फेऱ्यात बरेच दिवस गेले आणि शेवटी दिल्ली कंटाळली.

सुंदरीला आता रात्री झोप लागत नव्हती. भीती तिला बर्फाची वाटायला हवी होती. प्रत्यक्षात तिला टाकीची, गायीची, बसच्या पायरीची वाटू लागली होती. दर संध्याकाळी ती जेवताना आईला यातलं काहीतरी सांगे. "पाहिलेंस ना? धोका कोठें आहे तो?" हिराबाई ताटाकडं पाहत. "भात वाढूं?" एवढंच विचारत.

निघायचा दिवस आला. मद्रासची गाडी संध्याकाळची होती. अंबॅसेडर दारात उभी, तिच्या चारी चाकांखाली चार लिंबं, आणि वेंकटराव दोन्ही हातांत एक भला मोठा कोहळा धरून उभे. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरलेलं. हा ओवाळून रस्त्यावर फोडला की प्रवासाला निघालेल्या माणसाची दृष्ट निघते, आणि वाटेतला अपघात त्या कोहळ्यावर निभावतो.

वास्तविक तो तिठ्यावर नेऊन फोडायचा. पण तिठ्यावर केबलवाल्यांनी खड्डा खणलेला होता, आणि वेंकटराव म्हणाले, खड्ड्याशी जाणं धोक्याचं. त्यांनी तो सुंदरीभोवती तीनदा ओवाळला आणि दाराच्या पायरीसमोरच आपटला.

कोहळा फार सुंदर फुटला. लाल पाणी, पांढरा गर, बिया, सगळं पायरीपासून मोटारीपर्यंत पसरलं.

"झालें!" वेंकटराव हात झटकत म्हणाले. "आतां तुझ्या केसाला धक्का लागणार नाहीं." आणि मोटारीचं दार उघडून द्यायला त्यांनी एक पाऊल टाकलं.

ते पाऊल कुठं गेलं हे कुणालाच दिसलं नाही. वेंकटराव आडवे झालेले तेवढे दिसले. मोडल्याचा आवाजही आला, एखाद्या वाळलेल्या शेंगेसारखा. मागोमाग एक मोपेड आली, गरावरून तिरकी झाली, आणि वरच्या माणसाला खड्ड्याच्या मातीवर अलगद ठेवून पुढं निघून गेली. अंबॅसेडरचा ड्रायव्हर घाबरून खाली उतरला आणि पाय लिंबावर पडून बसला.

आणि कुणाला काही सुचायच्या आत घरातून कुणीतरी धावत आलं, पायरी उतरलं, कोहळ्यातून नीट वाट काढत गेलं आणि वेंकटरावांचं डोकं मांडीवर घेऊन बसलं.

हिराबाई. रस्त्यावर. वर्षाच्या आत.

वेंकटरावांचा पाय बाजूला राहिला. गल्ली हिराबाईंकडं पाहत उभी राहिली. मामींनी तोंडावर पदर घेतला. मुहूर्त सांगायला आलेले चिदंबर शास्त्री आकाशाकडं पाहू लागले, म्हणजे आपण पाहिलं नाही असं पुढं म्हणता येईल.

"पाहतां काय?" हिराबाई म्हणाल्या. "मोटार उभी आहे ना? घाला आंत."

मोटार स्टेशनाऐवजी दवाखान्याकडं गेली, मागोमाग मामी आणि शास्त्रीही पोचले. गळ्यात हात असलेल्या डॉक्टरांनी आडव्या झालेल्या वेंकटरावांकडं पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एक समजूत उमटली. प्लास्टर नर्सनं घातलं, डॉक्टरांनी तोंडानं.

खाटेवरून वेंकटराव म्हणाले, "सुंदरी, आतां तरी कळलें? असा शकुन! जाऊं नको."

"खरं आहे गं," मामी म्हणाल्या. "घरातून पाय काढला नाहीस तोवर एवढं. पुढं काय होईल?"

सुंदरी बाकावर बसली. पाठीवरची पिशवी तिनं उतरवली नव्हती. एवढ्या दिवसांचा तिचा सगळा युक्तिवाद आता जिवंत पुरावा होऊन समोर खाटेवर पडला होता, आणि तिला तो जिंकायचं बळ नव्हतं.

"नाहीं जात," ती म्हणाली. "आई, चल घरीं."

हिराबाई तिच्या शेजारी बसल्या. बाहेरच्या रस्त्याकडं त्या असं पाहत होत्या, जणू कुणी तो परगावाहून आणून ठेवला असावा.

"महिनाभर तूं मला धोका सांगतेस," त्या हळू म्हणाल्या. "बर्फाचा इतका, बसचा इतका. तुझें वजन करतेस, हिमालयाचें करतेस. माझें केलेंस?"

"म्हणजे?"

"तूं गेलीस कीं मीं त्या घरांत एकटी. स्वयंपाकघरांतून बाहेर यायचें तर ती खुर्ची समोर. दिवसांतून कितीदां बाहेर येतें? दर वेळीं वाटतें, आतां काय दिसेल." त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले. "डोंगरावर तुला दोर तरी देतात."

सुंदरीनं एवढं वाचलं होतं. जगातल्या सगळ्या कड्यांवर कोण कसं पडलं हे तिला माहीत होतं. आणि रोज सकाळी ती ज्या ओसरीतून जिन्याकडं जात होती, त्या ओसरीत रोज कुणीतरी जीव मुठीत धरून वावरत होतं, हे तिला दिसलं नव्हतं. भाद्रपदात न आलेलं रडू तिला डॉक्टरांच्या त्या बाकावर आलं. नर्स धावत पाणी घेऊन आली, तिला वाटलं काकांच्या पायासाठीच.

हिराबाईंनी तिला रडू दिलं. मग पदरानं तिचं तोंड पुसलं.

"गाडी कधीं सुटते?"

"आई, मीं तुला एकटी टाकून नाहीं—"

"तें मला पण नको. मीं येतें."

खाटेवरून वेंकटराव उठून बसले, आणि पायानं त्यांना पुन्हा झोपवलं. "वैनी! हिमालयांत?"

"चढायला नाहीं. खालीं जेथें त्यांची मोटार थांबते तेथें बसेन."

"तेथें बसून काय करशील?" सुंदरीनं विचारलं.

"येथें काय करतें? वाट पाहतें. तेथें पाहीन."

मामी भानावर आल्या. "अहो पण हिराबाई, वर्ष सरायच्या आत उंबरठा—"

"ओलांडला कीं. तुम्ही अस्क्यांनीं पाहिला. आतां परत आंत जाऊन भाद्रपदानंतर पुन्हा ओलांडायचा, म्हणजे दोनदां. एकदांच पुरे."

सगळ्यांनी चिदंबर शास्त्र्यांकडं पाहिलं. शास्त्र्यांपुढं या वेळी कॉफी नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "वैनी, असा प्रश्न पूर्वीं कोणी काढला नाहीं. ग्रंथांत बघावें लागेल."

"सावकाश बघा," हिराबाई उठत म्हणाल्या. "आमची गाडी सुटते."

मग मात्र मामींनी जी धावपळ केली ती टाकीत पडलेल्या बाईला शोभणारी नव्हती. अंबॅसेडरमधून घरी गेल्या, दोन लुगडी, लोकरीची शाल, भातावर घालायच्या परुप्पुपोडीचा डबा आणि ह्यांची दुसरी माकडटोपी घेऊन थेट स्टेशनावर आल्या. वेंकटरावांना पापनाशमहून काकू न्यायला येईपर्यंत मी बघते, म्हणाल्या. वेंकटरावांनी खाटेवरून निरोप धाडला होता: तिथं ताक मिळत नाही.

गाडी सुटायला आली तेव्हा हिराबाई पायरीवर अडखळल्या, आणि सुंदरीनं त्यांचा दंड घट्ट धरला. त्या चढल्या. तिकीट तपासनीसानं सुंदरीच्या शेजारची जागा रिकामी असल्याचं कबूल करायला जरा वेळ घेतला, पण माकडटोपी हातात धरून बसलेल्या त्या बाईला उठवायचं त्याच्या जिवावर आलं असावं. हिराबाईंनी खिडकी घेतली.

स्टेशन मागं पडलं. भाताची खाचरं लागली, नारळ लागले, एक कालवा आला. त्याच्या पुलावर गाडी खडखडू लागली, तशी हिराबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. कोपरापर्यंत. वाऱ्यानं पदर फडफडत होता आणि पुलाचे लोखंडी खांब एकामागून एक, हातभर अंतरावरून, झपाझप जात होते.

"आई, हात आंत घे!" सुंदरी किंचाळली. "खांब लागेल! माणसांचे हात जातात! गाडी जराशी कलंडली कीं—"

ती मध्येच थांबली. समोरच्या बाकावरची माणसं तिच्याकडं पाहत होती.

हिराबाईंनी वळून मुलीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आठ महिन्यांनी घरातलं कुणीतरी परत आल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"हो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "घेतें."

पण पूल संपेपर्यंत त्यांनी हात बाहेरच ठेवला.